दातांच्या दवाखान्यातलं वायफाय

"कुठे दुखतंय?" त्याने विचारलं.

"वायफाय," मी म्हणाले.

मला म्हणायचं होतं, की दुखत काही नाही, मी फक्त वायफायसाठी आले आहे. पण दोन जिने धावत उतरल्यामुळे दम लागला होता, कामावर हजर व्हायची वेळ तोंडाशी आली होती, आणि अख्ख्या वाक्यातला तेवढाच शब्द बाहेर पडला. समोर एक तरुण उभा होता. साधा निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हातात झाडांना पाणी घालायची झारी. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मी छातीशी कवटाळलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं, "वरचं की खालचं?"

"वरचं," मी म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावरचं. खालचं… तुमचंच आहे ना?"

त्याने झारी खाली ठेवली. भिंतीजवळची एक खुर्ची प्लगच्या बाजूला सरकवली, रुमालाने पुसली आणि एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला. मी लॅपटॉप उघडला. एका क्षणात नेट लागलं. इतक्या सहज, की मला रडूच यायचं बाकी राहिलं.

त्याचं कारण असं. लोकांचं इंटरनेट बंद पडलं, की ते ज्या नंबरवर फोन करून चिडतात, त्या नंबरवर फोन उचलणारी मी. आमची कंपनी लहान, फोन उचलणारी माणसं मोजकी, आणि सगळी आपापल्या घरून काम करतात. मावशी न्हाणीघरात घसरून मनगट मोडून बसली, तेव्हा तिच्या सोबतीला कोण जाणार असा प्रश्न घरात निघाला. आईचे गुडघे धरलेले, दादाला रजा नाही. मीच मोठ्या तोऱ्यात म्हणाले, माझं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस. बॅग भरली आणि आले.

मावशीने माझ्या प्रेमापोटी आमच्याच कंपनीचं कनेक्शन घेतलं होतं आणि भाची इंटरनेटमधली मोठी अधिकारी आहे, असं इमारतीत सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. अशा घरात पहिल्या सकाळी माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात अक्षरं आली – जोडलेलं आहे, पण इंटरनेट नाही.

मावशीचा फोन त्याच वायफायवर सुरळीत चालत होता. शेजारणीचा मुलगा येऊन त्यावर खेळ खेळून गेला. बंद होतं ते फक्त अधिकाऱ्यांचं. मी लोकांना जे जे करायला सांगते, ते सगळं केलं. राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. नेटवर्क विसरायला लावून पुन्हा ओळख करून दिली. विमानातला मोड लावला, काढला. लॅपटॉप घेऊन राउटरच्या इतकी जवळ गेले, की मावशी म्हणाली, आता त्याला मांडीवरच घे. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून ती सोफ्यावरून सगळा सोहळा बघत होती. मावशी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचं म्हणणं असं, की पूर्वी वायर दिसायची, वायर हलवली की लागायचं, आता हलवायचं काय हेच कळत नाही.

फोनवरून नेट घ्यावं, तर त्या घरात माझ्या फोनला रेंजची एकच काडी, तीही सज्जात वाकून उभं राहिलं तर. शेवटी मी स्वतःच्याच कंपनीत मावशीच्या नावाने तक्रार नोंदवली. तंत्रज्ञ पुढच्या आठवड्यात येईल, असं उत्तर आलं. हे उत्तर मी रोज लोकांना देते. ते ऐकताना इतकं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

आणि नेमके हेच दिवस माझ्यासाठी महत्त्वाचे होते. नव्या मुलामुलींना शिकवायला कंपनीला एक प्रशिक्षक हवा होता. त्या जागेकडे मी कितीतरी वर्षं डोळे लावून बसले होते. मुलाखत लॅपटॉपवरच होणार होती, आणि तोपर्यंत एकही गैरहजेरी चालणार नव्हती. म्हणून मी त्या सकाळी जिने उतरले आणि ज्या पहिल्या दारापाशी चांगलं वायफाय दिसलं, त्यात शिरले. दार दातांच्या दवाखान्याचं निघालं.

दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा तो पांढऱ्या कोटात होता आणि केस नीट विंचरलेले होते. मी म्हणाले, मला रोज असं फुकट बसायला संकोच वाटतो. त्यावर त्याने एक व्यवहाराची गोष्ट काढली. दवाखाना नवा आहे. सकाळी आत कोणीच दिसलं नाही, की रस्त्यावरचे लोक पुढे निघून जातात. काचेतून एखादी व्यक्ती बसलेली दिसली, तर विश्वास बसतो. तेव्हा मी इथे बसणं ही खरं तर त्यालाच मदत आहे.

"गाल धरून बसू का?" मी विचारलं.

"अधूनमधून धरलात तरी चालेल," तो म्हणाला. "पण हसत हसत नको. गोंधळ होईल लोकांचा."

असं आमचं ठरलं. सकाळी मावशीची वेणी घालून, तिला खायला देऊन मी खाली जायची. लवंगेच्या तेलाचा वास, भिंतीवर एका दाताचं उभं कापलेलं मोठं चित्र, आणि कुंड्यांमधली त्याची झाडं. मी कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या गोड आवाजात परतवत असायची. तो आतल्या खोलीत चकचकीत हत्यारं पुन्हा चकचकीत करत असायचा. मधल्या सुट्टीत तो दोन कप कॉफी करायचा. तो मला मॅडम म्हणायचा, मी त्याला डॉक्टर.

त्याला माझ्या फोनवरच्या आवाजाची फार गंमत वाटायची. मी एकदा एका चिडलेल्या गृहस्थांना लाल दिवा दिसतोय का, हिरवा दिसतोय का, असं विचारत होते. फोन ठेवल्यावर तो दारात उभा राहून म्हणाला, की या आवाजात कोणी मला दात काढून दे म्हणालं, तर मी स्वतःचे काढून देईन. मी म्हणाले, हा आवाज पगारी आहे, घरचा वेगळा आहे. तो म्हणाला, "घरचा कधी ऐकायला मिळतो?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीनवर काहीही नव्हतं.

त्याचं लक्ष मात्र भलतीकडेच असायचं. एके दिवशी कॉफी पिताना तो म्हणाला, की तुम्ही प्रत्येक घोट मान उजवीकडे कलती करून घेता, डावीकडे खालची दाढ दुखते का? दुखत होती. बरेच महिने दुखत होती. पण मला दातांच्या डॉक्टरची अशी भीती, की रोज त्याच्या दवाखान्यात बसूनही मी ती लपवली होती. त्याने आग्रह केला नाही. फक्त म्हणाला, खुर्ची रिकामी आहे, मी रिकामा आहे, आणि सुई लागणार नाही, हे बघूनच सांगतो.

मी खुर्चीत बसले. तोंडात आरसा, कापूस, नळी असं सगळं गेल्यावर या माणसाने गप्पा सुरू केल्या. मला डोंगर आवडतात का? मी म्हणाले, आं. मला मांजरं आवडतात का? आँ. गाणं येतं का? अं. तो प्रत्येक उत्तरावर समजल्यासारखी मान हलवत होता. मास्कमुळे माणसाचे फक्त डोळे दिसतात. तेवढेही फार होतात, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या जवळून, वरच्या पांढऱ्या दिव्याच्या उजेडात, ते कधी दाढेकडे बघत होते आणि कधी माझ्याकडे, ते मला बरोबर कळत होतं. भीती कुठे गेली कोण जाणे.

चूळ भरून उठल्यावर त्याने सांगितलं, की त्याच्या समजुतीप्रमाणे मला डोंगर फार आवडतात, मांजरं अजिबात नाहीत, आणि मी गाते. मी म्हणाले, सगळं उलटं आहे. डोंगराच्या कडेला मला चक्कर येते, घरी एक मांजर आहे, आणि मी गायले तर ते उठून जातं. तो जरा विचार करून म्हणाला, "मग तुम्हाला पुन्हा एकदा विचारायला हवं. तोंड रिकामं असताना."

शनिवारी एका बाईंचा फोन आला. त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या, त्यांच्या लॅपटॉपवर नेट लागेना. फोनवर लागत होतं, लॅपटॉपवर नाही. मी सवयीने एकेक विचारत गेले आणि विचारता विचारता म्हणाले, की घरी असताना कोणी लॅपटॉपमध्ये नंबर हाताने भरून ठेवला होता का? आणि तिथेच माझी जीभ अडखळली.

कारण दादाने ठेवला होता. घरी प्रिंटर जोडताना त्याने काहीतरी खटपट केली होती. प्रत्येक राउटर त्याच्याशी जोडलेल्या यंत्रांना आपल्या रांगेतला एक नंबर देतो. माझ्या लॅपटॉपला दादाने आमच्या घरच्या रांगेतला नंबर कायमचा देऊन टाकला होता. मावशीच्या राउटरची रांग वेगळी. म्हणजे लॅपटॉप दुसऱ्याच्या घरात जाऊन आपल्याच घरचा पत्ता सांगत बसला होता, आणि कोणी दाद देत नव्हतं. डॉक्टरच्या राउटरची रांग मात्र योगायोगाने थेट आमच्या घरासारखी. तिथे त्याला घरी आल्यासारखं वाटलं असणार. एकूण काय, राउटर निर्दोष होता.

रविवारी दवाखाना बंद. दुपारी मावशी झोपल्यावर मी तो नंबर काढला, पत्ता आपोआप घे असं लॅपटॉपला सांगितलं, आणि नेट लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बराच वेळ त्या चालू वायफायकडे बघत बसले. मग लागलंच आहे, तर म्हणून एक सिनेमा लावला. त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही. सोमवारी सकाळी मी लॅपटॉप काखोटीला मारला, चेहरा पाडला आणि मावशीला म्हणाले, "नाही गं, अजून नाही लागत."

मावशी म्हणाली, असं का, जा हो जा. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मंगळवारी मी नेहमीसारखी काचेजवळ बसले होते. डॉक्टर समोरच्या टेबलावर एक्स-रे उजेडाला धरून बघत होता. फोन वाजला, आणि स्क्रीनवर ग्राहकाचं पूर्ण नाव आलं. मावशीचं.

फोन तोडणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. शिवाय प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. मी आवाज अगदी अधिकृत करून स्वागताचं वाक्य म्हटलं. पलीकडून मावशी तितक्याच अधिकृत आवाजात म्हणाली, की आमच्याकडे उद्या तुमचा माणूस येणार आहे, तो पाठवू नका.

मी विचारलं, भेट रद्द करण्याचं कारण काय नोंदवू?

"वायफाय चालू आहे," मावशी म्हणाली. "रविवारी दुपारी भाची त्यावर सिनेमा बघत होती. मी झोपले आहे असं वाटलं तिला."

माझे कान तापले. मी म्हणाले, मग आपली तक्रार बंद करते, मॅडम. मावशी म्हणाली, बंद नको, चालूच ठेवा, फक्त माणूस पाठवू नका. मग तिने सगळं सविस्तर सांगितलं. खाली दातांचा डॉक्टर आहे. मुलगा चांगला आहे, हात हलका आहे. त्याचा दवाखाना संध्याकाळचा. दारावर तसं लिहिलेलंच आहे. सकाळी तो पूर्वी फक्त झाडांना पाणी घालायला यायचा. आता रोज सकाळी कोट घालून बसतो, तो कोणासाठी?

"दोघं एकमेकांना मॅडम आणि डॉक्टर म्हणत बसलेत," मावशी म्हणाली. "या वेगाने गेले, तर मनातलं बोलेपर्यंत दोघांनाही कवळी लागेल."

"आपली अडचण मी समजू शकते, मॅडम," मी म्हणाले. हे वाक्य आम्हाला पाठच असतं. बरं झालं पाठ होतं.

मी फोन ठेवला, तसा डॉक्टरने विचारलं, की फार त्रासदायक ग्राहक होता का? मी म्हणाले, एक वयस्कर बाई होत्या, जरा गोंधळलेल्या. आणि मान वळवून दाराकडे पाहिलं. दवाखान्याच्या काचेच्या दारावर रंगवलेली अक्षरं आतून उलटी दिसत. मी इतके दिवस ती वाचायची तसदीच घेतली नव्हती. आता एकेक अक्षर जुळवत उलटीकडून वाचली. वेळ – सायंकाळी.

त्या दिवशीची कॉफी मी गार करून प्यायले.

मुलाखत गुरुवारी दुपारी होती. बाहेर रस्त्याचा आवाज येतो, म्हणून डॉक्टरने आतली खोली दिली. प्लग पेशंटच्या खुर्चीजवळ, म्हणून मी खुर्चीतच बसले आणि समोरच्या हत्यारांच्या फिरत्या ट्रेवर लॅपटॉप ठेवला. स्क्रीनवर तिघं होते. मधोमध आमच्या मोठ्या मॅडम, ज्यांना कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं. सुरुवात चांगली झाली. मी बोलत होते, त्या लिहून घेत होत्या.

मग मी पाय जरा पुढे घेतला आणि माझी पर्स खालच्या पॅडलवर पडली. खुर्ची हलकेच घुरघुरली आणि मागे जायला लागली.

मी बोलत राहिले. चिडलेल्या ग्राहकाला आधी बोलू द्यावं, हे सांगता सांगता मी हळूहळू आडवी होत होते. स्क्रीनवर माझा चेहरा जाऊन हनुवटी आली, मग नुसतं छत. हेडफोनची वायर ताणली गेली आणि टपकन निघाली. आता त्यांचा आवाज सगळ्या खोलीत येऊ लागला. खुर्चीची घुरघुर ओळखून डॉक्टर दारात आला, काय झालं ते त्याने पाहिलं, आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून चक्क रांगत आत शिरला. त्याने पर्स बाजूला केली आणि पॅडल दाबून मला बसती केली. पण मी सरळ झाले तसा कॅमेरा पुन्हा माझ्यावर आला, आणि तो माझ्या पायाशी अडकला. उठला असता, तर मोठ्या मॅडमना दिसला असता.

"आता आपला एक फोन ऐकू," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "या आठवड्यातला आम्हाला सगळ्यात आवडलेला."

आणि खोलीत मावशीचा आवाज घुमला. आमच्याकडे उद्या तुमचा माणूस येणार आहे, तो पाठवू नका.

मला आवाज कमी करता आला असता. हात उचललाच नाही. सिनेमा झाला, हलका हात झाला, झाडांना पाणी झालं. कोट आला, तेव्हा खाली कोणीतरी श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं. कवळीपाशी स्क्रीनवरच्या दोघा साहेबांनी तोंडावर हात धरला. मग माझं पाठ केलेलं वाक्य.

मोठ्या मॅडमनी माझ्या संयमाचं कौतुक केलं. एवढं खाजगी ऐकूनही आवाज हलला नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, की या ग्राहकाची खरी अडचण काय होती, असं तुम्हाला वाटतं?

मी खाली पाहिलं. तो फरशीवर मांडी घालून बसला होता आणि वर बघत होता. मास्क नव्हता, तरी मला फक्त डोळेच दिसले.

"अडचण त्या बाईंची नव्हती," मी म्हणाले. "त्यांच्या भाचीची होती. तिचं वायफाय रविवारीच दुरुस्त झालं होतं. तिने सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं, तर खाली जायला निमित्त उरलं नसतं. आणि निमित्ताशिवाय जायचं, तर… काहीतरी बोलावं लागलं असतं. त्याची तिला भीती वाटत होती."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"ती भाची मी आहे."

एका साहेबांनी चष्मा काढला. मी सांगून टाकलं, की चालू असलेल्या कनेक्शनची तक्रार मी उघडी ठेवली, हे चुकलंच, ती आत्ताच्या आत्ता बंद करते, आणि या कारणाने जागा मिळाली नाही, तरी माझं काही म्हणणं नाही.

मोठ्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तक्रार बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि ते डॉक्टर? त्यांना हे माहीत आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आधी ट्रेच्या खालून एक हात वर आला. "हो," हातापाठोपाठ आवाज आला. "आत्ताच कळलं."

मोठ्या मॅडमना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी आम्ही चौघांनी पाहिलं. निकाल कळवू, एवढं म्हणून त्यांनी घाईघाईने स्क्रीन बंद केली.

तरी तो उठेना. मी म्हणाले, डॉक्टर, कॅमेरा बंद झाला. तो म्हणाला, माहीत आहे, पण पायाला मुंग्या आल्यात. मग थोडा वेळ त्याने बुटाच्या नाडीशी चाळा केला.

"पाटी तुम्ही कधी वाचलीत?" त्याने विचारलं.

"मंगळवारी. उलटी."

"मी ती बदलणारच होतो. सकाळ आणि सायंकाळ अशी. रंगारी म्हणाला, सकाळी पेशंट येतात का? मी म्हणालो, एकच येते, आणि तिला काही झालेलं नाही." त्याने चाळा थांबवला. "मॅडम… मला विनोद करता येतात, ते सोपं असतं. हे नाही येत. तुम्ही गेल्यावर सकाळी मी इथे काय करायचं, हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यापासून पडलाय. तुम्ही जाऊ नये, असं वाटतं. म्हणजे जाल, तुमचं घर आहे, काम आहे. पण माझ्यापासून जाऊ नये."

खुर्ची पुन्हा कलली नव्हती. तरी मला खोली जराशी तिरकी वाटली. मी हात पुढे केला, त्याला उठवायला. तो उठून उभा राहिला, आणि हात सोडायचं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी मी मावशीला जाब विचारला, की हेल्पलाइनवर कोणाही अनोळखी मुलीला घरातल्या गोष्टी कशाला सांगायच्या? मावशी म्हणाली, अनोळखी कशी? जन्म गेला माझा आवाज ओळखण्यात, आणि तू पहिलं रडलीस, तेव्हा मी दाराबाहेरच उभी होते. तोंडावर सांगितलं असतं, तर तू उठून गेली असतीस. फोन तुला ठेवता येत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून तू उचलेपर्यंत लावत राहिले. एवढं बोलून तिने डाव्या हाताने टीव्ही लावला.

जागा मला मिळाली. नव्या लोकांना समोर बसवून शिकवायचं होतं, आणि ते मुख्य ऑफिसात, म्हणजे माझ्या गावी. बातमी कळली, तेव्हा डॉक्टर आधी मनापासून हसला आणि मग एकाच कुंडीला पुन्हा पुन्हा पाणी घालत राहिला. त्याची खुर्ची फरशीला बोल्टने बसवलेली, माझी दुसऱ्या गावात. जागा सोडते, असं मी एकदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, की ते ऐकायलाही त्याला आवडणार नाही. बाकी काय करायचं, यावर आम्ही बऱ्याच सकाळी बोललो आणि काहीच ठरलं नाही.

मावशीचं प्लॅस्टर निघालं. पुढच्या रविवारी मी निघाले. मावशीने मोकळ्या झालेल्या हाताने माझा गाल ओढला आणि स्टँडवर यायला नकार दिला. तिच्या गुडघ्यात अचानक कळ आली होती. डॉक्टर बॅग घेऊन आला. बसमध्ये चढून त्याने ती वर फळीवर नीट बसवली, आणि सुटायला वेळ आहे, म्हणून शेजारी टेकला. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो, जणू बाहेर फार काही चाललं होतं. तिथे एक माणूस टायर धुत होता.

घंटी वाजली. बस हलली. तो उठला नाही.

मी म्हणाले, "डॉक्टर, बस सुटली."

"हो," तो म्हणाला. "तू जरा खिडकीकडे सरक. मला ऐसपैस बसू दे, लांबचा प्रवास आहे."

मी सरकले. त्या एका 'तू'ने मला इतकं गोंधळवलं, की पुढचा चौक जाईपर्यंत मी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिले. मग मी विचारलं, की तिकडे येऊन करणार काय? तो म्हणाला, रविवार आहे, दवाखाना बंद आहे, शेवटच्या बसने परत येईन. आज तुझ्या आईला भेटतो. पुढच्या रविवारी दादाला. मांजराला दोन्ही वेळा.

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी?"

"तू ये. मावशींचा गुडघा दुखतोय ना."

मी हसले, आणि माझा घरचा आवाज, तो पगारी नसलेला, सगळ्या बसला ऐकू गेला. पुढच्या सीटवरच्या आजींनी वळून पाहिलं. कंडक्टर तोल सावरत आमच्यापर्यंत आला आणि त्याने विचारलं, किती?

डॉक्टर खिशात हात घालत होता. पण मी आधी बोलले.

"दोन," मी म्हणाले.